मेट्रनबाईंची लखलखीत किटली

१

मेट्रनबाईंनी आयुष्यभर घाणीशी उभा दावा मांडला, आणि शेवटी त्या गेल्या त्या अंघोळ करतानाच. शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. त्यानं वर जाऊन बेल वाजवली, दार बडवलं, आणि मग मेट्रनबाईंच्या धाकट्या बहिणीला फोन केला. बहीण आदल्या संध्याकाळीच आपल्या मुलाकडे राहायला गेली होती. मायलेक किल्ली घेऊन धावत आले. बाथरूममध्ये शॉवर चालू होता, गीझरचा लाल दिवा जळत होता आणि मेट्रनबाई फरशीवर पडलेल्या होत्या. मुलानं प्रसंगावधान राखून आधी मेन स्विच बंद केला, म्हणून दुसरं कोणी दगावलं नाही.

विजेच्या धक्क्यानं माणूस गेला की सरकारी विद्युत निरीक्षकानं जागेवर जाऊन पाहायचं असतं. सोमवारी निरीक्षकबाई आल्या. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे 'नाकवाल्या बाई' म्हणत, कारण समोर काहीही आलं की त्यांचं नाक आधी वर जाई आणि मग डोळे उघडत. जळक्या वायरी, उंदरांनी कुरतडलेले बोर्ड, तेलकट स्विचं हेच बघण्यात नोकरी गेलेली. तरी किळस काही मेली नव्हती. उलट वयाबरोबर ती वाढतच चालली होती.

जिन्यात एक बाई पायरीवर बसून होती. निरीक्षकबाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून ती उठली.

"मॅडम, मी गीझरवाल्याची बायको. त्यांना पोलिसांनी धरून नेलंय. त्यांनी नवीकोरी कॉइल बसवली होती हो. जुनी नाही. कुणी ऐकूनच घेत नाही."

"बघते," निरीक्षकबाई म्हणाल्या, आणि वर गेल्या.

फौजदारांनी पुरावा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडला होता. जिथं माणसं जेवतात तिथं. गीझरमधून काढलेली ती कॉइल म्हणजे पाणी तापवणारी नळी, पण नळी दिसतच नव्हती. तिच्यावर मळकट, करडा, फोड आल्यासारखा क्षाराचा थर इतका चढला होता की मूळ धातू कुठं आहे ते शोधावं लागत होतं. एका ठिकाणी ती उलली होती. निरीक्षकबाईंनी रुमाल नाकाला लावला.

"आपल्या शहराच्या पाण्याची कृपा," फौजदार म्हणाले. "जड पाणी. माझ्या घरी दोन वर्षांत तीन वॉशिंग मशीनं गेली. आता बघा मॅडम, केस अगदी उघड आहे. गीझरवाल्यानं महिन्यापूर्वी नवी कॉइल बसवली म्हणून सांगितलं आणि बसवली ही असली. ती फुटली, वीज पाण्यात उतरली. अर्थिंगची तारही निघालेली. म्हातारीला गीझर चालू ठेवूनच अंघोळ करायची सवय. तुमच्या अहवालावर सही झाली की तो आत जाईल तो लवकर बाहेर यायचा नाही."

निरीक्षकबाईंनी पेन काढलं. सगळं जुळत होतं. या शहरात कुणाचा गीझर असा नव्हता? त्यांच्या स्वतःच्या घरच्या किटलीत तर पांढऱ्या खपल्यांचा असा सडा पडलेला असे की चहा गाळून प्यावा लागे. किळस येते म्हणून त्यांनी त्या किटलीत डोकावणंच सोडून दिलं होतं.

या आठवणीनंच त्यांची नजर ओट्याकडे गेली. तिथं मेट्रनबाईंची किटली होती. आत काय घाण असेल या विचारानं आधीच तोंड वाकडं करून त्यांनी झाकण उचललं.

किटलीच्या तळाशी त्यांना स्वतःचं वाकडं झालेलं तोंड लख्ख दिसलं.

२

निरीक्षकबाईंनी पेन परत पर्समध्ये ठेवलं आणि घर पाहायला सुरुवात केली. नळाच्या तोंडाशी पांढरं वर्तुळ नाही. शॉवरचं एकही भोक बुजलेलं नाही. काचेचे पेले असे की हात लावायला भीती वाटावी. या शहरात असं घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

मेट्रनबाईंची धाकटी बहीण खिडकीशी बसली होती. अख्खी इमारत तिला काकू म्हणे. काकू नवऱ्याच्या माघारी बहिणीकडे राहायला आल्या त्या इथंच राहिल्या, आणि आता हे घरही त्यांच्याच नावावर होणार होतं.

"काकू, ही किटली कोण घासायचं?"

"घासायचं कसलं, उकळायचं. व्हिनेगर." काकूंनी नुसत्या आठवणीनं नाकाला पदर लावला. "दर रविवारी. किटली, नळ, शॉवर, इस्त्री, सगळं व्हिनेगरात. घराला नुसता आंबल्यासारखा वास यायचा. मी म्हणायची, ताई, तू हॉस्पिटलातून रिटायर झालीस पण हॉस्पिटल काही तुझ्यातून निघालं नाही. तर म्हणायची, हा क्षार नाही, हा आळस आहे, आणि आळसाच्या पोटात जंतू राहतात."

"आणि गीझर?"

"तोसुद्धा. दर तीन महिन्यांनी त्या गीझरवाल्याला बोलावून उघडायला लावायची आणि स्वतः शेजारी उभी राहायची. तो बिचारा वैतागायचा. गेल्या महिन्यात म्हणाला, आजी, कॉइल जुनी झालीय, बदलू या. तर हिनं नव्या कॉइलचा खोका स्वतः फोडून बघितला."

फौजदार खाकरले. काकूंच्या लक्षात आलं की आपण धरलेल्या माणसाच्या बाजूनं बोलतोय, आणि त्या गप्प झाल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. मेट्रनबाईंचा हा एकुलता भाचा. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"माझी लॉन्ड्री आहे, मॅडम," त्यानं ओळख करून दिली. "मावशीच्या शब्दावरच मला हॉस्पिटलचं काम मिळालं. आज मी जो काही आहे तो तिच्यामुळं. त्या नालायक माणसाला सोडू नका."

"शुक्रवारी तुम्ही आईला न्यायला आलात, तेव्हा मावशी भेटल्या?"

"नाही हो, तीच तर चुटपुट लागलीय. ती कुणा आजारी मैत्रिणीला बघायला गेली होती. मी वरसुद्धा आलो नाही. खालून हॉर्न दिला, आई उतरली, निघालो. हो ना गं आई?"

"हो," काकू म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

निरीक्षकबाई हात धुवायला सिंककडे गेल्या. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घाण वास आला. सिंकखालचं कपाट उघडलं तर मागच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाशी दोरीनं घट्ट आवळलेली. त्यांनी गाठ सोडली. आत उशीचा अभ्रा होता, हॉस्पिटलात असतो तसा निळ्या काठाचा. दिसायला पांढरा, पण हाताला चिकट, ओशट, आणि शिवणीशिवणीत करडा साबणाचा साका जमलेला.

"हे काय आहे, काकू?"

"काय की. ताईनंच कुठूनतरी आणून ठेवलं होतं. मला हात लावू देत नव्हती." काकू घाईघाईनं म्हणाल्या.

किटलीतला एक ठिपका सहन न होणारी बाई असलं लक्तर जपून का ठेवत होती?

३

"आता गीझर उतरवा," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"कॉइल तर काढलीय मॅडम."

"कॉइल नको. टाकी हवीय."

फौजदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण माणूस बोलावून टाकी खाली घेतली. निरीक्षकबाईंनी ती परातीत उपडी करायला लावली. थोडं पाणी आलं. पाणी निवळशंख होतं. त्यांनी टाकीत हात घालून तळ चाचपला. एरवी कुणी पैसे दिले असते तरी त्यांनी असल्या जागी हात घातला नसता.

"काय लागतंय?" फौजदारांनी विचारलं.

"काहीच नाही. हीच तर गंमत आहे. एवढा थर चढलेली कॉइल या टाकीत रोज तापत असती, तर खपल्या गळून तळाशी अर्धा तांब्या खडी साठली असती. इथं चिमूटभरसुद्धा नाही. ही कॉइल या टाकीत म्हातारी झालेली नाही साहेब. ही बाहेरून म्हातारी होऊन आलीय."

फौजदारांना हसू आलं. "मी तेच म्हणतोय की. गीझरवाल्याकडं जुन्या कॉइलींचं पोतं असतं. त्यातलीच एक त्यानं बसवली."

"बाई शेजारी उभी राहून खोका फोडून बघत असताना?"

"मग नंतर येऊन बदलली असेल."

"कशाला? चांगली नवी कॉइल चोरायला?"

फौजदारांनी खांदे उडवले, पण गीझरवाल्याची गाठ घालून दिली. तो कोठडीत गजांशी उभा होता. दाढी वाढलेली. 'मी नवी बसवली' हे इतक्यांदा सांगून झालं होतं की आता त्याचा त्यालाच कंटाळा आला होता.

"माझ्या प्रत्येक कॉइलीच्या बुडाच्या चकतीवर मागच्या अंगाला मी दोन रेघा आणि एक टिंब कोरतो, मॅडम. लोक दुसरीकडची फुटकी कॉइल आणतात आणि गॅरंटीत बदलून दे म्हणून भांडतात. तेव्हापासून सवयच लागली. त्या आजींच्या कॉइलीवरही कोरलंय. ह्या साहेबांना सांगितलं तर म्हणतात, आधी ती कॉइल दाखव. आता मी कुठून दाखवू?"

गीझरमधून निघालेल्या कॉइलीच्या चकतीवर रेघ नव्हती की टिंब नव्हतं. मग नवी कॉइल गेली कुठं?

निरीक्षकबाई इमारतीत परतल्या तेव्हा खालच्या मजल्यावरचा माणूस दारातच त्यांची वाट पाहत होता. तो पाणी मऊ करायची यंत्रं विकायचा. मेट्रनबाईंनी सगळ्या बायकांना व्हिनेगरचा नाद लावला आणि इमारतीत त्याचं एकही यंत्र खपेना, हे त्याचं जुनं दुखणं होतं. दोघांची भांडणं जिन्यात साऱ्यांनी ऐकली होती.

"अशा वेळी बोलू नये," तो म्हणाला, "पण आमचं यंत्र असतं तर बाई आज जिवंत असत्या. मी नव्या माहितीपत्रकात हा प्रसंग घालतोय. अर्थात नाव न घेता."

निरीक्षकबाईंच्या नाकानं आपलं काम केलं. अजून मृत्यूला आठवडासुद्धा झाला नव्हता.

"आणि लोकांना घाबरवायला काय दाखवता?"

"हे बघा ना." त्यानं मोठ्या अभिमानानं ब्रीफकेस उघडली. मखमलीवर, दागिना ठेवावा तशी, क्षारानं लडबडलेली एक जुनी कॉइल ठेवलेली होती. शेजारी तशीच दुसरी खाच होती. ती रिकामी होती.

४

"दुसरी कुठंय?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. "ती... गेली कुठंतरी. एखाद्या गिऱ्हाइकाकडं विसरलो असेन."

"की वर, गीझरमध्ये?"

"मॅडम, मी विकणारा माणूस आहे. मला बल्बसुद्धा बदलता येत नाही, बायकोला विचारा." तो घामाघूम झाला. "आणि शुक्रवारी संध्याकाळी मी इथंच खाली उभा होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्रकं वाटत. काकूंना विचारा. त्या मुलाच्या गाडीत एकट्या बसल्या होत्या, चांगला बराच वेळ. मी खिडकीतून त्यांनाही यंत्राची सगळी माहिती दिली. त्यांना कंटाळा आला, पण जाणार कुठं?"

"मला तुमचं हे सँपल फोडायचंय," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"मखमलीचं आहे हो."

"मखमल ठेवा तुम्हाला."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं थरावर ठोका दिला. खपली निघाली. आतून पांढरी, आणखी आत पांढरी, धातूपर्यंत पांढरी. खडूसारखी कोरडी. मग त्यांनी फौजदारांकरवी गीझरवाल्याचं पोतं मागवलं आणि त्यातल्या बऱ्याच कॉइली फोडल्या. सगळ्यांचं पोट तसंच, पांढरं आणि कोरडं. एकीवर जरा पिवळट झाक होती, एवढंच.

शेवटी त्यांनी पुराव्यातली ती उललेली कॉइल हातात घेतली. हातमोजे घातले होते तरी बोटं आखडत होती. एक ठोका दिला. खपली निघाली नाही, दबली. कडक थराच्या आत मऊ, करडं, चरबीसारखं काहीतरी होतं. त्याच्या आत पुन्हा कडक थर, पुन्हा मऊ. आणि वास आला. कोंदट, साबणाचा, माणसांच्या अंगाचा वास. तोच, सिंकखालच्या पिशवीतला.

निरीक्षकबाईंनी चिमट्यानं त्या थरातून काहीतरी ओढलं. ते लांबत गेलं. कापसाचा धागा होता, निळा. त्याच्या मागोमाग एक केस निघाला, पांढरा, लांब, कुणातरी आजारी म्हाताऱ्या माणसाचा. त्याच्यामागे चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा.

फौजदार दोन पावलं मागे सरले. "शी. हे गीझरात कसं गेलं?"

"नाहीच गेलं. गीझरात नळाचं पाणी येतं साहेब. नळातून साबण येत नाही, धागे येत नाहीत, माणसाचे केस येत नाहीत. ही कॉइल अशा पाण्यात कित्येक महिने तापलीय, ज्यात साबण होता आणि कपडे होते. जड पाण्यात साबण विरघळत नाही, त्याचा साका होतो. तो साका, धागे, केस, जे जे पाण्यात होतं ते सगळं थराथरात अडकत गेलं." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "आणि निळ्या काठाचे कपडे आपल्या शहरात कुठं असतात, हे तुम्हाला माहीत आहे."

फौजदारांनी टोपी काढून डोक्यावर परत घातली. एव्हाना त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

५

भाच्याच्या लॉन्ड्रीचा पुढचा भाग बघण्यासारखा होता. काचेचं काउंटर, हँगरला लटकलेले कोट, अत्तराचा फवारा. निरीक्षकबाई तिथं थांबल्याच नाहीत. त्या पडदा सारून थेट मागे गेल्या आणि दाराशीच थबकल्या.

मागे सिमेंटचा मोठा हौद होता. त्यात हॉस्पिटलच्या चादरी भिजत होत्या. त्याला धुणं म्हणणं कठीण होतं. पाणी डाळीच्या धुवणासारखं दिसत होतं. वर करड्या साक्याची साय आली होती, तिच्यात बँडेजचे तुकडे तरंगत होते. हौदाचे काठ क्षारानं इतके जाड झाले होते की एकेका जागी मूळ सिमेंटच दिसत नव्हतं. एक कामगार काठीनं चादरी खालीवर करत होता. त्यानं तोंडाला दोन रुमाल बांधले होते.

"पाणी कधी बदलता?" निरीक्षकबाईंनी रुमालातूनच विचारलं.

"मालक सांगतील तेव्हा." कामगार म्हणाला. "पाणी गरम होतच नाही मॅडम. क्षार चढतो ना. कॉइली जातात सारख्या. मालक स्वतःच बदलतात, त्यांचा हात बसलाय. गीझरच्याच कॉइली लावतो आम्ही."

म्हणजे या चादरी उकळतच नव्हत्या. कोमट घाणीत बुचकळून, वरून इस्त्री फिरवून, घडी घालून हॉस्पिटलात जात होत्या. जखमा उघड्या पडलेली माणसं त्यांच्यावर झोपत होती. मेट्रनबाई शुक्रवारच्या आधीही कधीतरी त्या आजारी मैत्रिणीला बघायला गेल्या असणार आणि तिच्या उशीचा अभ्रा पिशवीत घालून घेऊन आल्या. हॉस्पिटलात तोंड उघडण्याआधी त्या नक्कीच भाच्याशी बोलल्या असणार. ज्याला आपल्या शब्दावर काम मिळवून दिलं, त्याला आधी सुधारायची एक संधी द्यावी, असं वाटलं असणार. त्या संधीचं त्यानं काय केलं ते बाथरूमच्या फरशीवर दिसलं होतं.

"हौद रिकामा करा," फौजदार म्हणाले.

पाणी उतरत गेलं तसतसा वास वर येत गेला. तळाशी कॉइली लागल्या, सगळ्या करड्या, गलेलठ्ठ. पण एक तशी नव्हती. तिच्यावर नुसती भुरकट पूड बसली होती. धातू अजून चमकत होता. ती काढून निरीक्षकबाईंनी चकती उलटी केली आणि अंगठ्यानं पुसली.

दोन रेघा आणि एक टिंब.

त्या क्षणी त्यांना त्या माणसाची जी किळस आली ती हौदाचीही आली नव्हती. मावशीच्या गीझरातून काढलेली कॉइल त्याला फेकवली नाही. नवी आहे, वाया कशाला घालवायची, म्हणून त्यानं ती आणून इथं लावली होती.

भाचा मागच्या दारातून आत आला. शर्टाची इस्त्री तशीच कडक. त्यानं कॉइलीकडे पाहिलं, फौजदारांकडे पाहिलं, आणि फार वेळ लावला नाही.

"ही? ही तर मला त्या गीझरवाल्यानंच विकली. म्हणाला, मावशींच्याकडची काढलीय, स्वस्तात घ्या. बघा, म्हणजे चोरही तोच. आणि त्या बदल्यात माझ्याकडची जुनी फुटकी घेऊन गेला. मी तर शुक्रवारी वरसुद्धा गेलो नव्हतो. आईला विचारा."

फौजदारांनी निरीक्षकबाईंकडे पाहिलं. या एका वाक्यानं गीझरवाला पुन्हा कोठडीत जाऊन बसला होता, आणि त्याला बाहेर काढू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

६

काकूंनी दार उघडलं. समाचाराला येणारी माणसं नुकतीच उठून गेली होती. ओट्यावर उष्टे कप होते. तिथंच किटली होती.

भाचा खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. गीझरवाल्याची बायको जिन्यातून वर आली होती. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काकू," निरीक्षकबाई म्हणाल्या, "मी जे सांगते ते नीट ऐका. ज्यानं हे केलं त्याला वाटलं, या शहरात गीझर उघडला की आत घाणच असणार. सगळ्यांकडं असते, तशी इथंही असेल. या टेबलावर तो लहानपणापासून चहा पीत आलाय. पण किटलीचं झाकण त्यानं कधी उचललं नाही. ज्यानं या घरात एकदा जरी हाताला व्हिनेगर लावून घेतला असता, त्यानं ही चूक केली नसती. गीझरवाल्याला हे घर आतून ठाऊक होतं. तो इथं असली कॉइल कधीच लावणार नाही. खालच्या विक्रेत्याला तर हे घर इतकं लख्ख ठाऊक होतं की त्यापायी त्याचा धंदा बसला."

"ही सगळी गोष्ट झाली," भाचा म्हणाला. "पुरावा नाही."

"तुमच्या हौदातल्या धाग्यांचा पुरावा आहे. पण तुम्ही म्हणता ती कॉइल गीझरवाला घेऊन गेला. ठीक आहे. मग मला एवढंच हवंय. काकू, शुक्रवारी तुम्ही गाडीत एकट्या बसला होतात. खालच्या माणसानं तुम्हाला सगळं यंत्र समजावून सांगितलं, इतका वेळ. गाडी तुमच्या मुलाची. मग मुलगा कुठं होता?"

भाच्यानं आईचा हात जरा दाबला.

"मी फोनवर बोलत पलीकडं उभा होतो. हो ना गं आई?"

काकूंनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्याशुभ्र बाहीकडे. दाराबाहेर गीझरवाल्याची बायको चौकट धरून उभी होती. काकूंची तिच्याशी नजरानजर झाली आणि त्यांनी मान खाली घातली.

"ह्यानं मला कधी राहायला बोलावलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून एकदाही नाही. शुक्रवारी फोन आला, आई, चार दिवस ये. मी ताईला किती तोऱ्यात सांगितलं. म्हटलं, तू बस तुझी भांडी उकळत, मला माझा मुलगा न्यायला येतोय."

"आई."

"खाली आला तो म्हणाला, तू गाडीत बस, मी वर जाऊन गॅस बंद आहे का बघतो आणि कुलूप लावून येतो. मी म्हटलं, किती काळजी ही. मी वाट बघत बसले. तो माणूस यंत्राचं काहीबाही सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. मी आनंदात होते."

"तिला आठवत नाही," भाचा फौजदारांना म्हणाला. "वय झालंय तिचं."

"मला अभ्राही आठवतो," काकू म्हणाल्या. "खोटं बोलले मी, बाई. ताईनं तो माझ्या नाकाखाली धरला होता. म्हणाली, बघ तुझा लेक आजारी माणसांना कशावर झोपवतो. मी म्हटलं, तुला सगळ्यांतच घाण दिसते." त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदराला पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. "त्या रात्री ह्यानं स्वतः मला अंथरूण घालून दिलं. चादर कशी पांढरीफेक होती. आडवी झाले तर तोच वास आला. अगदी तोच. मला कळलं कुठली चादर आहे ती. पण म्हटलं, पहिल्यांदाच मुलाच्या घरी आलोय, नाक मुरडू नये. तोंड फिरवून झोपले."

खोलीत नळाचा एक थेंब सिंकमध्ये पडला. फौजदारांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठताना आईकडे वळला, पण काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या. जिन्यात त्याची पावलं उतरत गेली, आणि त्यांच्या मागोमाग गीझरवाल्याची बायको नवऱ्याला आणायला धावत खाली गेली.

निरीक्षकबाईंनी टेबलावरच अहवाल लिहिला आणि सही केली. निघताना त्यांनी पाहिलं, काकू ओट्याशी उभ्या होत्या. गेले काही दिवस समाचाराला येणाऱ्यांसाठी चहा झाला होता आणि किटलीच्या तळाशी पांढरं पूट चढायला लागलं होतं. काकूंनी फळीवरची व्हिनेगरची बाटली काढली, किटलीत ओतली आणि बटण दाबलं. आंबट वाफ वर आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी त्यांनी नाकाला पदर लावला नाही.